रेंजर्सची करथकबाकी आणि सेल्टिकवाल्यांचा हिशेब: एक प्रकरण अभ्यास

प्रकरण काय आहे

स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात फुटबॉलचे दोन मोठे क्लब, रेंजर्स आणि सेल्टिक. 2010 ते 2012 या काळात रेंजर्सच्या कराच्या थकबाकीची चर्चा आधी दबक्या आवाजात, मग उघड आणि शेवटी पहिल्या पानावर आली. 1872 पासून चालत आलेल्या क्लबची कंपनी अवसायनात निघाली, म्हणजे मालमत्ता विकून, देणी जमतील तेवढी भागवून कायमची बंद करायला काढली गेली. यावर लिहिणारे बहुतेक जण मालकांपासून सुरुवात करतात. इथे मुद्दाम समोरच्या स्टँडमधून बघितलं आहे, कारण त्या दोन वर्षांत रेंजर्सचा ताळेबंद सगळ्यात बारकाईने कोणी वाचला असेल तर तो सेल्टिकच्या समर्थकांनी. मिटक्या मारत वाचला, हेही खरं.

क्लब, मालक, पदाधिकारी आणि न्यायालयं सार्वजनिक नोंदीत आहेत, म्हणून नावानिशी दिली आहेत. वादग्रस्त योजनेतून ज्यांना पैसे मिळाले ते खेळाडू आणि कर्मचारी, तसंच सामान्य समर्थक आणि छोटे धनको यांची नावं दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

या दोन क्लबांमधलं वैर नुसतं खेळाचं नाही. सेल्टिकची मुळं आयरिश कॅथलिक स्थलांतरितांच्या वस्तीत, तर रेंजर्सचा पाठीराखा पारंपरिकपणे प्रोटेस्टंट आणि ब्रिटनशी एकनिष्ठ. ऑफिसात, पबमध्ये, एकेका घरातसुद्धा ही रेघ ओढलेली असते. त्यामुळे समोरच्याच्या घरी जप्ती येणार अशी कुणकुण लागली तर कोण गप्प बसेल?

उद्योगपती डेव्हिड मरे यांनी नोव्हेंबर 1988 मध्ये साधारण 60 लाख पौंडांत रेंजर्स घेतला. पुढे 1989 ते 1997 अशी सलग नऊ विजेतेपदं आली. सेल्टिकने पाच पौंड खर्च केले तर आम्ही दहा करू, अशी मरे यांची फुशारकी सेल्टिकवाल्यांनी वर्षानुवर्षं मनात जपून ठेवली होती. 2000 साली एका नॉर्वेजियन स्ट्रायकरसाठी रेंजर्सने 1 कोटी 20 लाख पौंड मोजले. स्कॉटिश फुटबॉलच्या उत्पन्नाकडे पाहता हे अंथरुणाबाहेर पाय पसरणं होतं आणि ते तेव्हाही दिसत होतं.

सेल्टिकवाल्यांना दिवाळखोरी पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. मार्च 1994 मध्ये त्यांचाच क्लब बुडायच्या बेतात होता. बँकेने हात वर केले होते आणि अवघे काही तास उरलेले असताना कॅनडात पैसा कमावलेल्या फर्गस मॅकॅन यांनी येऊन तो वाचवला. नंतर समर्थकांनीच शेअर्स घेतले. ओव्हरड्राफ्ट म्हणजे काय, बँक कोणत्या दिवशी दार बंद करते, हे त्या पिढीला तोंडपाठ झालं होतं. 2011 मध्ये पस्तिशी-चाळिशीत असलेल्या सेल्टिक समर्थकाला रेंजर्सच्या हिशेबातल्या तळटीपा चटकन कळत, त्याचं हे एक कारण असावं.

2008 च्या मंदीत मरे यांच्या पोलाद आणि मालमत्तेच्या धंद्याला फटका बसला. रेंजर्सला कर्ज देणारी बँक लॉइड्सच्या छत्राखाली गेली आणि नव्या मालकांना जुनी उधारी वसूल करायची होती. क्लब विकायला काढला होताच, पण गिऱ्हाईक येत नव्हतं. का येत नव्हतं, याचं उत्तर कराच्या फायलीत होतं.

थकबाकी एक नव्हती, तीन होत्या

लोक ‘रेंजर्सची टॅक्स केस’ असं एकवचनात बोलत. तीन वेगळी देणी वेगळी ठेवली नाहीत तर पुढचं काहीच नीट समजत नाही.

पहिली, ‘बिग टॅक्स केस’. 2001 पासून मरे यांच्या समूहाने कर्मचारी लाभ ट्रस्ट वापरायला सुरुवात केली. कंपनी ट्रस्टमध्ये पैसे टाकायची, ट्रस्ट त्यातून खेळाडूच्या कुटुंबासाठी उपट्रस्ट करायचा आणि खेळाडू त्या उपट्रस्टकडून ‘कर्ज’ घ्यायचा. हे कर्ज हयातीत कोणी परत मागत नसे. पगार नाही, कर्ज आहे, म्हणून आयकर नाही आणि राष्ट्रीय विम्याची वर्गणीही नाही. साधारण दहा वर्षांत या वाटेने 4 कोटी 70 लाख पौंडांहून जास्त रक्कम गेली. अडचण अशी, की अनेक खेळाडूंना सोबत एक जोडपत्र दिलेलं होतं आणि त्यात इतकी रक्कम ट्रस्टमार्फत मिळेल असं लिहिलेलं होतं. ही जोडपत्रं फुटबॉल संघटनेकडे नोंदवली नव्हती. एचएमआरसी, म्हणजे ब्रिटनचं कर खातं, म्हणत होतं की हा सरळ पगार आहे, आणि हा वाद करविषयक न्यायाधिकरणापुढे होता. व्याज-दंड धरून मागणी 5 कोटी पौंडांच्या घरात जाईल अशी बोलवा होती.

दुसरी, ‘वी टॅक्स केस’. ‘वी’ म्हणजे स्कॉटिश बोलीत छोटी. 1999 ते 2003 दरम्यान मोजक्या खेळाडूंसाठी वापरलेल्या दुसऱ्या एका योजनेतून साधारण 28 लाख पौंडांचं देणं निघालं. यावर वादच उरला नव्हता. क्लबने ते मान्य केलं होतं, फक्त भरलं नव्हतं.

तिसरी थकबाकी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात घातक. दर महिन्याच्या पगारातून कापलेला कर आणि तिकिटांवर गोळा केलेला व्हॅट. आपल्याकडे मालकाने नोकराच्या पगारातून टीडीएस कापावा, गिऱ्हाइकाकडून जीएसटी घ्यावा आणि दोन्ही सरकारात न भरता त्यातून दुकान चालवावं, तसं हे. मे 2011 नंतर रेंजर्समध्ये नेमकं हेच चाललं होतं.

एका पौंडाची विक्री

6 मे 2011 रोजी क्रेग व्हाइट या उद्योजकाने मरे यांचा 85 टक्के हिस्सा एका पौंडाला घेतला. बदल्यात लॉइड्सचं सुमारे 1 कोटी 80 लाख पौंडांचं कर्ज फेडायचं, संघात पैसा घालायचा आणि 28 लाखांची ती छोटी थकबाकी भरायची, असं ठरलं होतं.

मरे यांच्यापुढचे पर्याय फारसे हेवा वाटावा असे नव्हते. न्यायाधिकरणाच्या निकालाची वाट बघायची, तर बँक थांबायला तयार नाही. जुन्या पाठीराख्यांच्या गटाला द्यायचा, तर त्यांच्याकडे कर्ज फेडण्याइतकी रोकड नाही. स्वतः पैसे घालायचे, तर स्वतःचाच समूह अडचणीत. रेंजर्सच्या संचालकांची एक स्वतंत्र समिती होती. व्हाइट यांच्याकडे पुढची गुंतवणूक करण्याइतका पैसा आहे याची आपल्याला खात्री पटलेली नाही, असं तिने तेव्हाच जाहीरपणे सांगितलं. तरी व्यवहार झाला. बँकेचे पैसे सुटणार होते आणि त्या खोलीत तेच सगळ्यात जड माप होतं.

काही वर्तमानपत्रांनी व्हाइट यांना अब्जाधीश ठरवून टाकलं होतं. सेल्टिकवाल्यांनी मात्र कंपनी नोंदणी कार्यालयातली कागदपत्रं काढायला सुरुवात केली. हा अब्जाधीश आजवर कोणत्या कंपन्यांत संचालक होता, त्यांचं काय झालं, हिशेब वेळेवर दाखल झाले का, असे साधे प्रश्न. ऑक्टोबर 2011 मध्ये बीबीसी स्कॉटलंडने व्हाइट यांच्यावर पूर्वी सात वर्षं संचालक होण्यास बंदी होती हे दाखवलं, तेव्हा या मंडळींना त्याचं नवल वाटलं नाही. करप्रकरणाचा सतत पाठपुरावा करणाऱ्या एका निनावी लेखकाच्या लिखाणाला तर 2012 चा ऑरवेल पुरस्कार मिळाला.

रेंजर्सच्या समर्थकांचं उत्तर ठरलेलं होतं: हे सगळे मत्सराने बोलतात. त्यात तथ्यही होतं. पण मत्सराने बोलणारा माणूस हिशेबात चुकतोच असं नाही, आणि या प्रकरणात त्याच्यापाशी एक सोय होती जी रेंजर्सच्या समर्थकापाशी नव्हती. वाईट बातमी खरी निघाली तर त्याचं काहीच जात नव्हतं. घरच्या माणसाला डॉक्टरचा रिपोर्ट उघडायची भीती वाटते.

व्हाइट यांनी बँकेचं कर्ज फेडलं ते टिकेटस नावाच्या कंपनीकडून आलेल्या पैशाने. पुढच्या काही हंगामांची सीझन तिकिटं तिला आधीच विकून 2 कोटी 40 लाख पौंडांच्या आसपास रक्कम उभी केली होती. क्लब विकत घ्यायला क्लबचंच भावी उत्पन्न गहाण. म्हणजे 2012, 2013 मध्ये फाटकावर येणारा पैसा 2011 मध्येच बँकेला देऊन झाला होता आणि रोजचा खर्च भागवायला हाताशी एकच रोकड उरली: सरकारात न भरलेला कर.

दुखणं कुठे होतं

इथे सेल्टिकवाल्यांचाही अंदाज चुकला. त्यांची सगळी नजर बिग टॅक्स केसवर होती. निकाल लागेल, काही कोटींचं बिल येईल आणि रेंजर्स कोसळेल, असं गणित. रेंजर्स संपला की जेली आणि आइस्क्रीम खायचे बेत झाले होते, स्टँडमधून तशा घोषणा चालल्या होत्या.

प्रत्यक्षात तो निकाल आला नाही. सुनावण्या जानेवारी 2012 मध्ये संपल्या आणि पुढे घोंगडं भिजत पडलं. क्लब पडला तो साध्या, बिनवादाच्या, महिन्याच्या महिन्याला भरायच्या कराने. ऑगस्ट 2011 मध्ये छोट्या थकबाकीसाठी न्यायालयाचे वसुली अधिकारी आयब्रॉक्सच्या, म्हणजे रेंजर्सच्या मैदानाच्या, दारात येऊन गेले. त्याच महिन्यात माल्मो आणि मारिबोरकडून हरून रेंजर्स दोन्ही युरोपीय स्पर्धांबाहेर गेला आणि अपेक्षित उत्पन्न बुडालं. 13 आणि 14 फेब्रुवारी 2012 ला एडिनबराच्या न्यायालयात एका बाजूने कर खातं आणि दुसऱ्या बाजूने व्हाइट, दोघेही प्रशासक (देणी फेडता न येणाऱ्या कंपनीचा कारभार हाती घेणारे व्यावसायिक) नेमण्यासाठी धावले. डफ अँड फेल्प्स या फर्मचे दोन प्रशासक नेमले गेले. मे नंतरचा न भरलेला पगारकर आणि व्हॅट मिळून साधारण 90 लाख पौंड झाले होते. लीगने रेंजर्सचे 10 गुण कापले.

तरी मोठ्या केसची सावली नसती तर क्लब एका पौंडाला, अशा माणसाला, अशा घाईत विकावा लागला नसता. नीट पैसे असलेला कोणीही गिऱ्हाईक ती फाइल बघून परत फिरत होता. म्हणून माझ्या मते मोठी केस क्लबला बुडवायला कारण झाली, पण निकालामुळे नाही, टांगत्या तलवारीमुळे.

धनकोंची यादी

प्रशासकांनी एप्रिलमध्ये हिशेब मांडला. मोठ्या केसची मागणी गृहीत धरली तर एकूण देणी 13 कोटी 40 लाख पौंडांपर्यंत जाऊ शकत होती. आकड्यांपेक्षा यादी बघण्यासारखी होती. कर खातं होतं, टिकेटस होती, खेळाडूंच्या बदल्यांचे पैसे राहिलेले व्हिएन्नाचा रापिड आणि एडिनबराचा हार्ट्स हे क्लब होते. पोलीस होते, ॲम्ब्युलन्स सेवा होती. आणि सामन्याच्या दिवशी मुलांचे चेहरे रंगवणाऱ्या एका कलाकाराचे 40 पौंड होते.

सेल्टिकवाल्यांच्या बोलण्यातला सूर या यादीनंतर बदलला असं तेव्हाचं बोलणं आठवलं की वाटतं. तोवर गंमत चालली होती. आता ‘हे लोकांचे पैसे आहेत’ हा मुद्दा पुढे आला आणि तो सोयीचाही होता. कारण आता नुसतं वैर नव्हतं, तत्त्वही होतं. ज्या कराच्या पैशावर इस्पितळं चालतात तो बुडवून यांनी चषक जिंकले, हे वाक्य सेल्टिक पार्कच्या आसपास कोणाही टॅक्सीवाल्याकडून ऐकायला मिळे. सेल्टिकनेही एका खेळाडूसाठी एकदा असाच ट्रस्ट वापरला होता आणि नंतर कर भरून टाकला होता. तो उल्लेख मात्र जरा कमी ऐकू येई.

कर खात्याचा निर्णय

प्रशासकांकडे दोन वाटा होत्या. एक, धनकोंशी तडजोड, तिला ब्रिटनमध्ये सीव्हीए म्हणतात. धनकोंनी पौंडामागे थोडे पेन्स घ्यायचे, बाकी सोडायचे आणि जुनी कंपनी चालू ठेवायची. दुसरी, मैदान, सरावकेंद्र आणि नाव नव्या कंपनीला विकून जुनी कंपनी बंद करायची.

तडजोडीला देण्याच्या रकमेत मोजून 75 टक्के धनकोंची संमती लागते. कर खात्याकडे बिग टॅक्स केस वगळूनही 25 टक्क्यांहून जास्त हिस्सा होता, म्हणजे खुंटी त्यांच्याच हातात. मे महिन्यात एका अमेरिकी खरेदीदाराने माघार घेतली. चार्ल्स ग्रीन यांच्या गटाने तडजोडीचा प्रस्ताव दिला. खात्याने 12 जूनला नकार कळवला. अवसायनामुळे आधीच्या कारभाऱ्यांची चौकशी करून दावे लावता येतील आणि करदात्याचं हित जपलं जाईल, असं कारण दिलं. 14 जूनला औपचारिक बैठकीत प्रस्ताव पडला आणि त्याच दिवशी ग्रीन यांच्या नव्या कंपनीने 55 लाख पौंडांत सगळी मालमत्ता घेतली.

पैशाच्या दृष्टीने बघितलं तर दोन्ही वाटांनी खात्याच्या पदरात थोडंच पडणार होतं. मग नकार का? बाकीचे क्लब बघत होते. पगाराचा कर वापरून खेळाडू घ्यायचे आणि अडचण आली की पौंडामागे नऊ-दहा पेन्सांवर तोडपाणी करायची, ही पद्धत एकदा मान्य केली की पुढच्या वर्षी चार क्लब रांगेत उभे राहिले असते. मला हा नकार बरोबर वाटतो. चौकशीचं जे कारण दिलं गेलं त्याचं पुढे काय झालं, ते निराळं आणि लाजिरवाणं प्रकरण आहे.

खरा निर्णय: नव्या कंपनीला कुठे खेळू द्यायचं

आता चेंडू दुसऱ्या क्लबांच्या आणि त्यांच्या समर्थकांच्या कोर्टात आला. स्कॉटलंडच्या सगळ्यात वरच्या प्रीमियर लीगमध्ये बारा क्लब होते. नव्या कंपनीला जुन्याची जागा देऊन काही शिक्षा करून तिथेच ठेवायचं, एक पायरी खाली पहिल्या विभागात घालायचं, की अगदी तळाच्या तिसऱ्या विभागापासून, म्हणजे एकूण चौथ्या दर्जापासून, सुरुवात करायला लावायची?

एखाद्या मधल्या क्लबच्या अध्यक्षाचं गणित असं. रेंजर्स वर्षातून एक-दोनदा पाहुणा म्हणून येतो तेव्हा मैदान भरतं. दूरचित्रवाणीचा 8 कोटी पौंडांचा नवा करार वर्षातल्या चार ओल्ड फर्म, म्हणजे रेंजर्स-सेल्टिक, सामन्यांवर बेतलेला. रेंजर्स गेला की हा करार ढासळेल. म्हणजे ‘हो’ म्हणायला रोख कारण होतं. स्कॉटिश फुटबॉल संघटनेचे मुख्य कार्यकारी स्टुअर्ट रीगन यांनी तर रेंजर्स तळाला गेला तर खेळाचा हळूहळू मृत्यू होईल, सामाजिक अशांततेचाही धोका आहे, इथवर सांगून टाकलं.

‘नाही’ म्हणायला कारण होतं समर्थक. जून महिना म्हणजे सीझन तिकीट नूतनीकरणाचा महिना. ॲबर्डीन, डंडी युनायटेड, हिब्ज, हार्ट्स अशा क्लबांच्या लोकांनी आपापल्या अध्यक्षांना पत्रं लिहिली: नव्या कंपनीला थेट घेतलंत तर माझं तिकीट यंदा नको. हे धमकावणं फुसकं नव्हतं, कारण तिकीटखिडकीवरचा आकडा अध्यक्षाला रोज संध्याकाळी दिसत होता. दूरचित्रवाणीचा पैसा पुढच्या वर्षी कमी होणार होता, तिकिटाचा पैसा याच आठवड्यात येत नव्हता.

या टप्प्यावर सेल्टिकवाल्यांची भूमिका सगळ्यात गमतीची. रेंजर्स गेला तर सर्वाधिक आर्थिक नुकसान त्यांच्याच क्लबचं होणार होतं. सेल्टिकचे मुख्य कार्यकारी पीटर लॉवेल यांनी आम्ही रेंजर्सवर अवलंबून नाही असं आधीच सांगितलं होतं. समर्थकांना ते पटलं कारण पटवून घ्यायचं होतं. सुंठीवाचून खोकला जात असताना सुंठीच्या भावाची चौकशी कोण करतो?

4 जुलै 2012 ला मतदान झालं. दहा क्लब विरोधात, किलमार्नॉक तटस्थ, आणि बाजूने एकटा रेंजर्स.

मग संघटनेने दुसरी फळी उघडली. खालच्या तीन विभागांच्या तीस क्लबांनी रेंजर्सला निदान पहिल्या विभागात घ्यावं, यासाठी दडपण आणलं. रेथ रोव्हर्स हा किर्कॉल्डी गावचा छोटा क्लब. त्याचे अध्यक्ष टर्नबुल हटन हॅम्पडेन मैदानाच्या पायऱ्यांवर कॅमेऱ्यांसमोर उभे राहिले आणि आम्हाला दमदाटी केली जातेय, आमच्याशी खोटं बोललं जातंय, असं सरळ बोलून गेले. आजही त्या उन्हाळ्याची आठवण काढताना स्कॉटलंडमधले लोक सेल्टिकपेक्षा आधी हटन यांचं नाव घेतात. 13 जुलैला तीसपैकी पंचवीस क्लबांनी तिसऱ्या विभागाच्या बाजूने मत दिलं.

निष्पत्ती

29 जुलैला नव्या कंपनीचा रेंजर्स पहिला सामना खेळला, ब्रेकिन सिटीच्या ग्लेब पार्कवर. या मैदानाच्या एका बाजूला स्टँडऐवजी झाडांचं उंच कुंपण आहे. युरोपीय अंतिम सामना खेळून चारच वर्षं झालेला संघ त्या कुंपणाशेजारी जादा वेळेत 2-1 असा कसाबसा जिंकला. खेळण्याचा सशर्त परवाना दोनच दिवसांपूर्वी हातात पडला होता.

यापुढे लोक पाठ फिरवतील हा सेल्टिकवाल्यांचा दुसरा अंदाज. तो साफ आपटला. 18 ऑगस्टला ईस्ट स्टर्लिंगशायरविरुद्धच्या चौथ्या दर्जाच्या सामन्याला आयब्रॉक्सवर 49,118 लोक आले. 2016 मध्ये रेंजर्स वरच्या लीगमध्ये परतला.

खेळाचा मृत्यूही झाला नाही. पुढच्या चार वर्षांत सेंट मिरन, सेंट जॉन्स्टन, ॲबर्डीन, इन्व्हरनेस, रॉस काउंटी, हिब्ज अशा क्लबांनी चषक जिंकले. 2013 मध्ये हार्ट्स आणि डनफर्मलिन प्रशासकांच्या हाती गेले, पण ती त्यांची स्वतःची जुनी कर्जं होती. सेल्टिकने लीग एकामागून एक खिशात घातली आणि सेल्टिक पार्कच्या वरच्या रांगा काही दिवस रिकाम्या दिसू लागल्या.

बिग टॅक्स केसचा निकाल 20 नोव्हेंबर 2012 ला लागला, जुनी कंपनी अवसायनात जाऊन तीन आठवडे झाले होते. आणि तो लागला रेंजर्सच्या बाजूने, 2 विरुद्ध 1. आयब्रॉक्सच्या बाजूला हळहळ, दुसऱ्या बाजूला शुकशुकाट. 2014 मध्ये वरच्या न्यायाधिकरणाने तोच निकाल कायम ठेवला, 2015 मध्ये कोर्ट ऑफ सेशनने उलटवला आणि 5 जुलै 2017 ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने पाचही न्यायाधीशांच्या एकमताने कर खात्याला जिंकवलं. कामाचा मोबदला म्हणून दिलेला पैसा तिसऱ्याच्या हातात दिला तरी तो करपात्र उत्पन्नच राहतो, असं तत्त्व ठरलं. तोवर वसूल करायला कंपनीत विशेष काही उरलं नव्हतं.

नोंद न केलेल्या जोडपत्रांबद्दल लॉर्ड निम्मो स्मिथ यांच्या आयोगाने 2013 मध्ये जुन्या कंपनीला अडीच लाख पौंड दंड केला, विजेतेपदं काढली नाहीत. सेल्टिकवाल्यांना हे अजून पचलेलं नाही. जानेवारी 2015 मध्ये चषकाच्या उपांत्य सामन्यात दोन्ही संघ समोरासमोर येणार होते, तेव्हा काही सेल्टिक समर्थकांनी वर्गणी काढून एका रविवारच्या वर्तमानपत्रात पानभर जाहिरात दिली: जुना क्लब संपला, हा नवा आहे आणि आमची ही पहिलीच गाठ आहे. रेंजर्सने 2021 मध्ये लीग जिंकली तेव्हा एका बाजूने ते 55 वं होतं, दुसऱ्या बाजूने पहिलं.

व्हाइट यांच्यावर फसवणुकीचा खटला चालला. 2017 मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडलं. प्रशासकांवरही खटला भरला गेला होता आणि तो द्वेषबुद्धीने भरला असं स्कॉटलंडच्या सरकारी अभियोग यंत्रणेलाच पुढे कबूल करावं लागलं. दोघांना मिळून 2 कोटी पौंडांहून जास्त भरपाई गेली, सरकारी तिजोरीतून. कारभाऱ्यांना जाब विचारण्यासाठी म्हणून ज्या अवसायनाचा आग्रह धरला, त्यातून करदात्याच्या पदरी हे आलं.

वेगळं काय करता आलं असतं

कर खात्याने पगारकराची थकबाकी मे ते फेब्रुवारी अशी चढू दिली, हा मला सगळ्यात मोठा चुकलेला टप्पा वाटतो. ऑगस्टमध्ये वसुली अधिकारी दारात गेलेच होते. तेव्हाच न्यायालयात गेलं असतं तर देणं लहान असतं आणि हंगामही नुकता सुरू झालेला होता.

न्यायाधिकरणाला निकाल द्यायला इतका वेळ लागायला नको होता. 2011 च्या वसंतात तो कोणत्याही बाजूने लागला असता, तरी खरेदीदारांना निदान आकडा कळला असता.

फुटबॉल संघटनेने मालक योग्य आहे की नाही ही तपासणी मालकाच्याच शब्दावर सोडली होती. सेल्टिकचे समर्थक संध्याकाळी घरी बसून कंपनी नोंदणीतून जे काढत होते, ते संघटनेच्या पगारी माणसांना काढता आलं नसतं असं नाही.

समर्थकांच्या बाजूने बोलायचं तर रेंजर्सच्या लोकांनी समोरच्याचा आनंद वगळून त्याचा हिशेब तेवढा घ्यायला हवा होता. सेल्टिकवाल्यांनी तीन थकबाक्यांत फरक केला असता तर प्रशासकांची नेमणूक त्यांना डिसेंबरातच दिसली असती. सीझन तिकिटं आगाऊ विकल्याची कुजबुज तोवर होती, पण सगळ्यांचे डोळे न्यायाधिकरणाकडे.

कायदाही मध्ये बदलला. 2003 मध्ये कर खात्याचा अग्रक्रम रद्द झाला होता, म्हणून 2012 च्या त्या यादीत ते बाकीच्या साध्या धनकोंच्याच रांगेत उभं होतं. 1 डिसेंबर 2020 पासून पगारातून कापलेल्या कराला आणि व्हॅटला पुन्हा अग्रक्रम मिळाला. यामुळे कर खात्याला वेळेवर हात घालायला बळ येईल, असं ज्यांना वाटतं त्यांनी यादी पुन्हा एकदा वाचावी: असंच प्रकरण आज घडलं, तर आधी कर खात्याचे लाखो पौंड वळते होतील आणि चेहरे रंगवणाऱ्याचे 40 पौंड त्यानंतर काही उरलं तर.